डुगडुग
डेटिंग अ‍ॅपवर त्याने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, "मी ऑटिस्टिक आहे, सुतारकाम करतो." मी मात्र माझ्या एडीएचडीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. "निदान पहिल्या भेटीत तरी माणसासारखी बस," ताईने निघताना बजावलं होतं. कॉफी आली आणि कप बशीत खुळखुळायला लागले. "टेबल डुगडुगतंय," म्हणत तो कागदाची घडी करून थेट टेबलाखाली शिरला. आजूबाजूचे वळून बघू लागले. मी गुडघा दोन्ही हातांनी दाबला, पण मेला काही केल्या थांबेना. याच पायापायी आधीचे तिघे पहिल्याच कॉफीनंतर गायब झाले होते. तो वर आला. "टेबल ठीक आहे," कपांकडे बघत म्हणाला, "तुझा पाय हलतोय." मी निघायला पर्स उचलली. त्याने घडी खिशात ठेवली, दोन्ही कप टेबलावरून उचलून हातात धरले. तो म्हणाला, "हलू दे."