ओरियाच्या लेकीचा बाप्तिस्मा

लग्न परवावर आलं तरी राजकन्या मेन्सिया रडेना, तोदाबाईंना हाच घोर लागला होता.

पोरीला लहानाचं मोठं केलं ते तोदाबाईंनीच. तिची याआधीची दोन लग्नं ऐन वेळी फिसकटली होती. एकदा नवऱ्या मुलाशी चुलत-चुलत नातं निघालं, अन् धर्मात ते चालेना. दुसऱ्यांदा हिने स्वतःचं डोकंच भादरून टाकलं. या खेपेला महाराणींनी बजावलं होतं, लग्न लावूनच परत या, नाहीतर तोंड दाखवू नका. तोदाबाईंना परत जायचं होतं. वय झालं होतं, गुडघे बोलत होते.

नवरदेव म्हणजे राजा नुन्यो. साठी उलटलेला, दोन राण्या पोचवलेला, पण नदीकाठचे सगळे किल्ले त्याचे. किल्ल्यांसाठी मेन्सियाच्या वडिलांनी होकार दिला. मेन्सियाला कुणी विचारलंच नाही. "मी त्या म्हाताऱ्याशी लग्न करणार नाही," असं ती वाटभर म्हणत आली. इथे नुन्योच्या गावी पोचली आणि एकदम गुणी झाली.

तोदाबाई गाफील नव्हत्या. कात्र्या कुलपात गेल्या, तबेल्यावर पहारा बसला. दोन्ही घराण्यांच्या पिढ्यान्‌ पिढ्या त्यांनी धुंडाळल्या, नात्याचा धागा कुठेच सापडला नाही. पोरगी तेवढी दिवसभर नदीवर धोबिणींच्या घोळक्यात बसायची. बसू दे बापडी, तेवढाच जीव रमतो, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सकाळी मेन्सिया त्यांच्या गळ्यात पडली. ओरिया धोबिणीच्या तान्हीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभं राहायला कुणी तयार नव्हतं. "मी होते, तोदाबाई. लग्नाआधी हातून एक चांगलं काम घडू दे."

तोदाबाईंचे डोळे भरून आले. एवढी मोठी राजकन्या, आणि धोबिणीच्या लेकीसाठी उभी राहते! त्यांनी हौसेने सगळा दरबार चर्चमध्ये गोळा केला. राजेसाहेब तेवढे रानडुकराच्या शिकारीला गेले होते, म्हणून राहिले.

पाद्रीबाबांनी रिवाजाप्रमाणे समज दिली. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून लेकरू उचलून घेणारी धर्ममाता त्याच्या आईबापांची बहीण होते. त्या बापाशी तिचं लग्न मग कधीही होऊ शकत नाही.

"जरा मोठ्याने सांगा, बाबा," मेन्सिया म्हणाली. "मागच्यांना ऐकू येत नाही."

बाबांनी पुन्हा खणखणीत आवाजात सांगितलं. कुणीतरी म्हणालं, राजकन्या आता धोब्याशी लग्न लावते की काय! सगळं चर्च हसलं. तोदाबाई तर डोळे पुसपुसून हसल्या.

बाबांनी लेकरू पाण्यात बुडवलं, मेन्सियाने अलगद वर उचललं आणि मऊ फडक्यात गुंडाळलं. पोरगी हातपाय झाडून रडली. बायकांनी राजकन्येची दृष्ट काढली. सगळं कसं छान पार पडलं.

"आता बापाला पुढे येऊ दे," पाद्रीबाबा म्हणाले. "त्यालाही आशीर्वाद देतो."

ओरियाने खाली वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं.

"ते शिकारीला गेलेत, बाबा," ती म्हणाली. "परवा त्यांच्या लग्नाची मेजवानी आहे ना."