निरोगी माणसाचा घाम

“पट्टी असं करूच शकत नाही!” डॉ. वाघुळदे प्रयोगशाळेत सगळ्यांवर उखडले. दंडावर चिकटवायची त्यांची इवलीशी पट्टी बॅटरीशिवाय, घामातल्या साखरेवरच चालायची आणि मधुमेह ओळखायची. पण आज चाचणीला बोलावलेल्या एकूण एक मधुमेह्याला तिने ठणठणीत ठरवलं होतं.

त्यांच्या सहकारी देवस्थळी मॅडमनी चाचरत विचारलं, “सर, निरोगी माणसाचं माप म्हणून तिला कुणाचा घाम दिला होता?”

“माझाच! पन्नाशी उलटली, अजून एक गोळी नाही.”

“रक्त कधी तपासलंत?”

“मला काय धाड भरलीय तपासायला?”

मॅडमनी तिथेच त्यांच्या बोटाला सुई टोचली. साखर तीनशेच्या वर निघाली.

सर आकड्याकडे बघतच राहिले. मग एकदम टाळी वाजवून ओरडले, “म्हणजे पट्टी बरोबर आहे! माप चुकलं, पट्टी नाही! अरे, पेढे आणा कुणीतरी!”

पेढे आले. सरांनी पहिला हक्काने उचलला आणि तोंडाशी नेला. तेवढ्यात चाचणीसाठी सकाळपासून ताटकळलेल्या एका आजींनी त्यांचा हात धरला, पेढा काढून घेतला.

“राहू द्या, साहेब,” त्या मायेने म्हणाल्या. “आता तुम्ही आमच्यातले.”