व्याह्यांची वाइन

वाइनची पारख म्हणजे निखळ सत्याचा प्रांत, तिथे नातंगोतं चालत नाही, असं खासनीस नेहमी सांगत. तरी दर डिसेंबरात आपल्या घरी वर्षातली सर्वोत्तम लाल वाइन निवडताना ते स्वतःची बाटली सोडून व्याही घारपुऱ्यांनी आणलेल्या बाटलीलाच कौल देत. शेवटी मुलीची बाजू पडली.

यंदा मात्र विहीणबाईंनी आतूनच दोन ग्लास भरून आणले आणि कुठला कोणाचा ते सांगायला साफ नकार दिला. खासनिसांना लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच मोकळं वाटलं. दोन्हींचा घोट घेऊन ते म्हणाले, "पहिली म्हणजे खोकल्याचं औषध. दुसरीला मात्र तोड नाही."

"दुसरी आमचीच असणार," घारपुरे मिशीतल्या मिशीत हसले.

"माफ करा व्याहीबुवा, ती माझी आहे. औषध तुमचं."

खासनिसांच्या बायकोने डोळे वटारले. घारपुऱ्यांचं हसू मावळलं. खासनीस पहिल्यांदाच मागे हटले नाहीत.

"भांडताय कशाला?" विहीणबाई चकल्यांची ताटली पुढे सरकवत म्हणाल्या. "आमची पिशवी रिक्षातच राहिली. दोन्ही ग्लासांत तुमचीच आहे."