तिसऱ्या सिलिंडरची टिकटिक

"आयक! आयक की!" संतोषनं बोनेटवर थाप मारली. "हा ट्रक हाय का भिंतीवरचं घड्याळ?"

वैजनाथ ऐकतच होता. टिक, टिक, टिक. रेस दिली की आवाज घाईला यायचा, सोडली की सावकाश व्हायचा. हाच आवाज त्यानं संक्रांतीआधी घालवला होता. संक्रांतीनंतर पुन्हा घालवला होता. आज हळदीची पोती भरलेला तोच ट्रक तिसऱ्यांदा त्याच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावातल्या गॅरेजसमोर उभा होता.

संतोषचे वडील हिरासिंग लिंबाखाली जुन्या टायरवर बसून चहा पीत होते. गाडी त्यांची. आता बापलेक आळीपाळीनं चालवायचे. हिरासिंग गाडीकडं बघतही नव्हते.

"ऑइलचं प्रेशर पडलं आसंल," संतोष म्हणाला. "बेअरिंग गेलं आसंल. इंजिन खोल, न्हाईतर तसं सांग. हिंगोलीचा भंगारवाला तयार हाय. हा माल उतरवला का गाडी त्याच्या दारात नेऊन लावतो. जीव इटला माझा."

जीव वैजनाथचाही विटला होता. चहाच्या टपरीवर लोक विचारू लागले होते, 'हिरासिंगची गाडी सुधरंना का रं?' पण नुसत्या अंदाजावर इंजिन खोलणं त्याला मान्य नव्हतं. त्यानं ऑइल प्रेशरच्या दिव्याचा सेन्सर काढला, त्या जागी काट्याचा मीटर जोडला आणि इंजिन चांगलं तापू दिलं. बेअरिंग झिजलं असेल तर ऑइल तापून पातळ झालं की काटा खाली यायलाच हवा.

काटा हलला नाही.

"प्रेशर बराबर हाय," वैजनाथ म्हणाला. "खालचं इंजिन ठीक. आवाज वरचा हाय, टॅपेटचा."

"टॅपेट तर तू दोनदा केले!"

"केले."

"मग काय भूत बसलंय त्याच्यात?" संतोषनं खांद्यावरचा रुमाल आपटला. "तकलीफ काय एक हाय का? तिकडं याडीचं निराळंच. आमच्यासाठी भाकरीचं गठुडं घेऊन तांड्याच्या फाट्यावर उभी राहती. संक्रांतीला दुसऱ्याच कुणाच्या ट्रकापुढं गेली. त्यानं ब्रेक मारला म्हणून वाचली. कोपर फोडून घेतलं. म्हातारपणी बघून चालावं का न्हाई माणसानं?"

"याडीला काय बोलू नको, आई हाय ती तुही," हिरासिंग टायरवरूनच म्हणाले.

"तुमी तर बोलूच नका, बा! गाडी टिकटिक करून राहिली अन् तुमी म्हणता चालू दे!"

इंजिन निवल्यावर वैजनाथनं वरचं कव्हर काढलं. व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटच्या फटीत फिलर गेजची, फट मोजायची पातळ पाती घालून तो एकेक तपासत गेला. पाती जिथं अडखळत सरकायला हवी तिथं अडखळत सरकत होती. तिसऱ्या सिलिंडरवर मात्र ती सैल गेली. फट दुप्पट होती.

त्यानं लॉकनटला पाना लावला. नट घट्ट होता.

वैजनाथ थांबला. मागच्या वेळी संशय आला म्हणून त्यानं प्रत्येक स्क्रूवरून नटापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. बाकी सगळ्या रेघा सरळ होत्या. इथली तुटली होती. अर्धी स्क्रूवर, अर्धी नटावर, दोघींची तोंडं दोन दिशांना.

आपोआप ढिला झालेला नट ढिलाच सापडतो. तो स्वतःला पुन्हा आवळून घेत नाही.

"संतोष, हे आपोआप झालेलं न्हाई. कुणीतरी खोललं, फट वाढवली अन् परत आवळलं."

"कोण खोलंल? माझ्यावर घालतो का आता? तुह्याच्यानं होत न्हाई तर न्हाई म्हण. मी लावतो भंगारवाल्याला फोन." त्यानं खिशातून मोबाइल काढलासुद्धा.

"नको लावू."

हिरासिंग उठून उभे राहिले होते. "गाडी भंगारात नको देऊ. मीच केलं. दोन्ही बारी."

संतोष बघतच राहिला. "काहून, बा? डोस्कं फिरलं का तुमचं?"

"तुह्या आईला दिसत न्हाई, संतोष." हिरासिंगनी कप टायरवर ठेवला. "पोळ्यापासून समदं धुक्यावानी झालंय तिला. लेकराला सांगू नका, म्हणली. फाट्यावर हॉर्न तर समदेच वाजवतेत. ही टिकटिक आली का तिला कळतं, आपली गाडी. मगच ती पुढं पाय टाकती."

"अन् संक्रांतीला?"

"तवा तू नुकताच आवाज घालवून आणला व्हता."

संतोषनं मोबाइल खिशात घातला. समोरच्या रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न देत गेला. तिघांनीही तिकडं पाहिलं.

वैजनाथनं पाना उचलला. "डोळ्याच्या दवाखान्यात कधी नेता?"

"उद्याच," संतोष म्हणाला.

"डोळे नीट होईपर्यंत फट जराशी जास्त ठेवली तर इंजिन काय मरत न्हाई. पण भलतीच ढिली नको. मी करून देतो."

त्यानं मोजून स्क्रू फिरवला, नट आवळला, कव्हर बसवलं. हिरासिंगनी इंजिन सुरू केलं. टिक, टिक, टिक. आवाज आधीपेक्षा बारीक होता.

"एवढा बास?" वैजनाथनं विचारलं.

संतोष रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन उभा राहिला. त्यानं डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"आजून जरासा," तिथूनच तो ओरडला. "वारं उलटं असलं तरी यायला पायजे."