चूक मंजूर

काचेच्या पेटीतली वही वाचायला झहारीने चष्मा लावला, आणि चाळीस वर्षांपूर्वीची स्वतःची प्रतिभा त्याला तिथे आढळली. तिच्यावर शिक्का मारलेला होता.

डॅन्यूबकाठच्या त्या गावातल्या संग्रहालयात सकाळी अकरा वाजता ‘मोकळं पाणी’ या त्रिकुटाच्या कारकिर्दीचं दालन उघडलं होतं. भिंतीवर फोटो, कोपऱ्यात एक फुटका ड्रम, टेबलावर बनित्साचे, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पावाचे, गरम तुकडे आणि, सकाळची वेळ म्हणून, लहान पेल्यांतून राकिया ही फळांची कडक दारू. त्रिकूट जातीने हजर होतं: बेस गिटारवाला झहारी, कीबोर्डवाला ओग्न्यान आणि ड्रमवाला मेतोदी. जॅझमध्ये बल्गेरियन नाचांचे सात आणि अकरा मात्रांचे ठेके कालवायचे आणि बाकी सगळं आयत्या वेळी सुचेल तसं वाजवायचं, हा तिघांचा धंदा. आधी काही ठरवायचं नाही आणि कागदावर तर मुळीच उतरवायचं नाही, हा तिघांचा धर्म. निदान झहारीची तशी समजूत होती.

चौऱ्याऐंशी सालच्या मैफलीत ओग्न्यानचं बोट घसरलं होतं. भलताच सूर वाजला. आता सगळं कोसळणार, तोच झहारीने खालून बेस असा काही फिरवला की तो चुकीचा सूरच बरोबर ठरला. लोक उभे राहिले. त्या रात्रीची टेप हातोहात बुडापेस्टपर्यंत गेली. झहारीला पुढे दोन बायका सोडून गेल्या. तो एक क्षण मात्र कधी सोडून गेला नाही.

वहीत ओग्न्यानच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: ‘तिसरा भाग, सत्तेचाळिसावं आवर्तन. इथे चूक. झहारी सावरेल.’ तारीख मैफलीच्या नऊ दिवस आधीची. खाली सांस्कृतिक समितीचा जांभळा शिक्का: ‘मंजूर’. त्या काळी मैफलीत काय वाजणार, ते आधी लिहून समितीकडून मंजूर करून घ्यावं लागे. आणि पेटीवर संग्रहालयाची छापील पाटी: ‘सुप्रसिद्ध चुकीचं मूळ हस्तलिखित’.

“मेतोदी, इकडे ये. हे तुला माहीत होतं?”

मेतोदीने बनित्सा चावत वाकून पाहिलं. “हो.”

“अरे, पण समितीला आपण लग्नातल्या गाण्यांचे कागद द्यायचो ना? खोटे?”

“पहिल्या वर्षी. मग त्यांनी पकडलं.” मेतोदीने मिशीतला चुरा झटकला. “मला वाटलं, तुलाही माहीत आहे. म्हटलं, मोठ्या मनाचा माणूस, बोलून दाखवत नाही.”

ओग्न्यान दोन पेले घेऊन आला. गेल्या हिवाळ्यापासून त्याची बोटं संधिवाताने आखडली होती, त्यामुळे पेले त्याने दोन्ही तळव्यांत धरले होते.

“काय रे, आवडलं का दालन?”

“तू लिहून दिलंस त्यांना.”

“कोणीतरी द्यायलाच हवं होतं. तू म्हणायचास, कागद त्यांच्या तोंडावर फेका. फेकला असता, बाबा. मग वाजवणार कुठे होतास? न्हाणीघरात?”

“माझंही लिहिलंस.”

“तुझा एक सूर लिहिलेला दाखव. ‘सावरेल’, एवढंच आहे. समितीच्या बाईंनी विचारलं, नक्की सावरेल ना? मी म्हटलं, नक्की. तेव्हा कुठे शिक्का मारला.” त्याने एक पेला पुढे केला. “एवढी खात्री मी माझ्या स्वतःबद्दल कधी कोणाला दिलेली नाही.”

झहारीने पेला घेतला नाही.

“चाळीस वर्षं मला वाटत होतं, तू पडलास आणि मी तुला झेललं,” तो म्हणाला. “तू तर उडी मारली होतीस.”

“पण झेललंस की नाही?”

त्यावर झहारी काही बोलणार, तेवढ्यात संग्रहालयाच्या प्रमुख रैनाबाईंनी टाळी वाजवून सगळ्यांना गप्प केलं. “उस्ताद मंडळी, आता थोडं होऊन जाऊ दे! नेहमीसारखं. काहीही न ठरवता.”

तिघे जागेवर गेले. झहारीची खुर्ची नेमकी काचेच्या पेटीला लागून होती. मेतोदीने सातचा ठेका धरला, ओग्न्यान वर तरंगत राहिला, झहारी खालून चालत राहिला. चार मिनिटं सगळं व्यवस्थित चाललं, अगदी जुन्या दिवसांसारखं. मग ओग्न्यानचं बोट घसरलं.

भलताच सूर वाजला.

“आली, आली!” पहिल्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याला ढोसलं. पाटी सगळ्यांनीच वाचली होती.

ओग्न्यानने मान वर करून झहारीकडे पाहिलं. त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. चौऱ्याऐंशी साली त्याने मान वर केली नव्हती, हे झहारीला आत्ता आठवलं. तेव्हा तो खाली पट्ट्यांकडे बघत होता, बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा निवांत.

झहारीने तारांवरचे दोन्ही हात उचलले. चष्मा नीट केला. पेटीवर वाकून त्याने वहीत पाहिलं. उघडं होतं ते एकच पान, सत्तेचाळिसाव्या आवर्तनाचं. त्याने काचेवर बोटाने टकटक केलं.

“रैनाबाई, जरा किल्ली द्या,” तो म्हणाला. “पुढच्या पानावर हे आहे का बघतो.”

रैनाबाई हसता हसता डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या. त्यांच्याबरोबर सगळं दालन टाळ्या वाजवत होतं. ओग्न्यानचं बोट अजून त्याच पट्टीवर होतं.