भाड्याचा पूल

"साहेब, एक वाजेपर्यंत थांबतो. मग पूल ओढायला घेणार," जगन मुकादम म्हणाला. "पलीकडची माणसं आणायची असतील तर तेवढ्यात आणा."

निकेशने मान डोलावली. मामी मामाला आणायला गेली त्याला अर्धा तास होऊन गेला होता. तिची कपड्यांची पिशवी त्याच्याच हातात होती. पनवेलला त्याने दोघांसाठी एक खोली बघून ठेवली होती. मामाला आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिसला न्यावं लागे, आणि पूल गेल्यावर खाडी ओलांडायला उरणार होता तो ओहोटीचा मांडीभर चिखल. ज्या बिल्डरने कामापुरता हा पूल आणला होता, त्याचे पलीकडचे टॉवर बांधून झाले होते, त्यांना मागच्या अंगाने नवा रस्ता मिळाला होता. पण त्या रस्त्याला गेट होतं, गेटवर वॉचमन होता, आणि मामाचं घर राहिलं होतं खाडी आणि टॉवरची भिंत यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत.

स्वतः मामापुढे जायची निकेशची छाती नव्हती. पूल निघणार हे कळलं त्या दिवसापासून मामा त्याला दारात उभं करत नव्हता.

शेजारी सायमा उभी होती. नवऱ्याची कुवेतची नोकरी सुटली म्हणून ती काम शोधत होती. भेटायचं ठरलं होतं निकेशच्या जमीन-दलालीच्या ऑफिसात, पण इथे एकट्याने उभं राहवेना म्हणून त्याने तिला खाडीवरच बोलावून घेतलं. तिने प्रश्न वहीत लिहून आणले होते.

"सर, पगार फिक्स असतो की नुसतं कमिशन?"

"कमिशन."

"शिक्षण किती लागतं?"

"बोलता आलं पाहिजे."

खोटं नव्हतं ते. बोलणाऱ्याची बोरंसुद्धा खपतात, आणि निकेशने तर विमानाचा पत्ता नसताना विमानतळाशेजारची घरं विकली होती.

"पहिलं गिऱ्हाईक कुठून आणायचं, सर? मोठ्या लोकांत आमची पहचान नाही."

हे उत्तर त्याला तोंडपाठ होतं. येईल त्या नव्या माणसाला तो तेच देत आला होता. "घरच्यांपासून सुरुवात करायची. घरची माणसं फार विचारत नाहीत."

सायमाने ते लिहून घेतलं. निकेशला वाटलं, ती वही हिसकावून खाडीत फेकावी.

चार वर्षांपूर्वी हाच पूल त्याच्या डोळ्यांसमोर जोडला गेला होता. ट्रकमधून लोखंडी चौकटी उतरल्या, पिना ठोकून एकीला एक अडकवल्या, आणि अख्खा सांगाडा इकडून ढकलत ढकलत त्या काठाला टेकवला. आठवड्यात काम फत्ते. "भाड्याचा माल हाय साहेब, काम संपलं की परत," असं जगननेच तेव्हा सांगितलं होतं. निकेशने ते नीट ऐकलं होतं. आणि त्याच संध्याकाळी मामाच्या ओटीवर चहा पीत तो म्हणाला होता, "सरकारी पूल हाय मामा. उद्या काय झालं तर अँब्युलन्स दारात येल." मामाने घराभोवतीची उरलीसुरली जमीन बिल्डरला विकल्याच्या कागदावर सही केली, चष्मासुद्धा मागितला नाही. भाच्याने आणलेला कागद कोण वाचतं?

पुलाच्या फळ्या वाजल्या. मामी येत होती. एकटीच.

"मामा?" निकेश पुढे धावला.

"नाय येत बोलतो. मरीन त हितंच मरीन बोलतो." तिने पदराने तोंड पुसलं आणि हात पुढे केला. "दे ती पिशवी. त्याला एकटा कसा टाकू?"

"मामी, माझं ऐक जरा..."

"तुझंच त ऐकलं रं, निक्या."

ती रागाने बोलली नाही. रागावली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला सोसलं असतं. तिने पिशवी घेतली, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि आली तशी परत निघाली. निकेश तिच्यामागे पुलापर्यंत गेला, आणि पहिल्या फळीशी त्याचे पाय अडले.

ती पलीकडे उतरल्याची खात्री करून जगनने शिट्टी फुंकली. माणसांनी टोकाच्या पिना ठोकून काढल्या. साखळ्या ताणल्या, आणि खाटेखालची ट्रंक ओढावी तसा अख्खा पूल रोलरवरून अलीकडे सरकू लागला. पलीकडचा काठ सुटला. मध्ये पाणी दिसायला लागलं, आधी हातभर, मग बघता बघता पुरुषभर.

निकेशला रडू फुटलं. मजुरांसमोर, नोकरी मागायला आलेल्या बाईसमोर, तो तोंडावर रुमाल धरून हुंदके देत राहिला. सायमाने वही मिटली.

"तुमचे घरचे होते ते?" तिने हळूच विचारलं.

त्याने रुमाल तोंडावर आणखी घट्ट धरला.

पूल पुरता अलीकडे आला तेव्हा मामी पुन्हा बाहेर आलेली दिसली. ती काठापर्यंत आली, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि ओरडली, "निक्या! गुरवारी मामाला कसा न्यायचा रं? तू सांगशील तसं करू!"

वारा तिकडूनच होता, शब्दन् शब्द ऐकू आला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने नुसता हात वर केला.

मामीला तेवढ्यानेही धीर आला असावा. तिनेही हात वर केला, आणि मामाला सांगायला लगबगीने आत गेली.