बदामची राणी

"चौकटची सत्ती, बदामची राणी आणि किलवरचा एक्का," बायकोने नवी पानं वाचली. "तीन सत्त्या झाल्या. जिंकलात."

पलंगावर उशीला टेकून बसलेल्या बॅटरीवाल्याने कान टवकारले. बदामची राणी त्याने आत्ताच टाकली होती. दोन सत्त्या ठेव, राणी, नव्वी आणि दुर्री टाक, असं त्यानेच सांगितलं होतं.

कॉम्प्युटरवरचा हा पोकर त्याला एव्हाना तोंडपाठ झाला होता. पाच पानं समोर येतात. हवी ती ठेवायची, नको ती टाकायची, त्यांच्या जागी नवी येतात आणि डाव तिथेच मिटतो. गुलामांच्या जोडीपासून पुढे काही जमलं तर गुण, नाहीतर ठणठणगोपाळ. गड्डी एकच, त्यामुळे टाकलेलं पान त्या डावात परत येत नाही. साक्षात ब्रह्मदेव आला तरी येत नाही.

"कुठली राणी म्हणालीस?"

"बदामची."

"बरं. वाट पुढचा डाव."

गॅरेजमध्ये बॅटरी फुटून अ‍ॅसिड उडालं, त्याला तीन आठवडे झाले होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. ती उद्या सुटायची होती. नोकरीच्या गावी परतण्याआधी मुलाने हा खेळ जुन्या कॉम्प्युटरवर घालून दिला, कारण बाप नुसता पडून राहणारा नव्हे, घर डोक्यावर घेणारा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पानं आईने वाचायची, बाबांनी हुकूम सोडायचे आणि आईने डावीकडून मोजून आकड्यांची बटणं दाबायची. जिंकलं की सनई वाजते, असं तो म्हणाला होता. दुसऱ्याच दिवशी सनई बंद पडली. स्पीकर गेला, बायको म्हणाली.

तशी तिने सेवेत कसूर केली नव्हती. शिवणाची गिऱ्हाइकं परत पाठवली. तो रागावला, तर म्हणाली, तुमचं करू की सुईत दोरा ओवत बसू? फक्त डोळ्यांत थेंब घालायला ती तयार नसायची. हात कापतो म्हणायची आणि नर्सची वाट बघायची.

पण आता त्या राणीने सगळं उघडं पाडलं. म्हणजे ही मनानेच पानं सांगते. तरीच आपण एवढे जिंकतो. जन्मात कधी साधी सोडत लागली नाही आणि इथे दिवसाला दहा-दहा डाव! ही खोटं खोटं जिंकवते, लहान मुलाला जिंकवतात तसं. आणि असं कुणाला जिंकवतात? ज्याचं पुढे काही खरं नसतं त्याला.

गेल्या आठवड्यात तपासायला आलेले डॉक्टर तिला खोलीबाहेर घेऊन गेले होते, तेही त्याला आठवलं. पंधरा मिनिटं बोलत होते. परत आली तेव्हा तिचा आवाज बसलेला होता.

त्याला दम धरवेना. चादर पायाने लोटली, परत ओढली.

"अगं, डॉक्टर तुला काय म्हणाले ते खरं सांग."

"तुमचे डोळे शाबूत आहेत म्हणाले."

"माझी शपथ?"

"तुमची शपथ."

त्याचा विश्वास बसला नाही. आंधळ्या माणसाला गॅरेजात कोण उभं करणार, उरलेलं आयुष्य हिच्या खांद्यावर हात ठेवून काढायचं का, याच विचारात दुपार गेली.

चारच्या सुमारास नर्स आली तेव्हा बायको खालच्या शेजारणीकडे गेली होती. डॉक्टर उद्या परगावी निघालेत, पट्टी आजच सोडा म्हणाले, असं नर्सने सांगितलं. त्याने पलंगाची कड घट्ट धरली.

आधी नुसता पांढरा उजेड. मग खिडकीचे गज. मग कपाटाची कडी आणि कव्हर घातलेलं शिवणयंत्र. मग नर्सचे पुढचे दोन फटीचे दात, आणि ते इतके सुंदर दिसले की तो रडायलाच लागला. भिंतीवरच्या कॅलेंडरचा आकडा न् आकडा त्याने वाचून दाखवला. उन्हात जाऊ नका, असं बजावून नर्स निघून गेली.

म्हणजे बायको खरंच बोलली होती. उगाच लाड करत होती, बाकी काही नाही. तिची फिरकी घ्यायची त्याला हुक्की आली. एक शब्द बोलायचा नाही. समोर उघड्या डोळ्यांनी बसायचं आणि चोरी रंगेहाथ पकडायची.

ती आली. दाराची चौकट धरून आत वळली, खुर्चीवर बसली, कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर नुसतंच विचारलं होतं, नवा डाव हवा का? एकही पान नव्हतं.

"दोन राजे आलेत," ती म्हणाली. "आणि एक तिर्री, एक नव्वी, एक गुलाम. काय ठेवू?"

त्याने हसू दाबलं आणि मान पुढे काढली. दोघांच्या तोंडांत आता वीतभर अंतर होतं. उत्तर येईना, तशी ती त्याच्याकडे वळली. थेट त्याच्या डोळ्यांत बघून समजूत घालत म्हणाली, "असे गप्प नका राहू हो. उद्या पट्टी सुटली की तुमची पानं तुम्हीच बघा."